परदेशगमन आणि वाहनचालक परवाना

परदेशगमन आणि वाहनचालक परवाना या विषयात, एका देशातून दुसऱ्या देशात शिक्षण, नोकरी किंवा विवाहानिमित्त स्थायिक होणाऱ्या व्यक्तीला तेथे मोटार वाहन चालविण्याचा अधिकार कसा मिळतो, याचा समावेश होतो. वाहनचालक परवाना (शासकीय मराठीत ‘अनुज्ञप्ती’) हा मूलतः प्रादेशिक स्वरूपाचा अधिकार आहे. तो देणाऱ्या देशाच्या हद्दीबाहेर त्याला मिळणारी मान्यता आंतरराष्ट्रीय करारांवर आणि यजमान देशाच्या कायद्यावर अवलंबून असते. प्रवासी किंवा पर्यटक म्हणून आलेल्या व्यक्तीला बहुतेक देश काही मुदतीपर्यंत स्वदेशाच्या परवान्यावर वाहन चालवू देतात. तीच व्यक्ती रहिवासी झाली की ही सवलत संपते आणि स्थानिक परवाना घ्यावा लागतो.

भारतीय परवान्याची अदलाबदल करून चाचणीविना स्थानिक परवाना देणारे देश मोजके आहेत. त्यामुळे महाराष्ट्रातून अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जर्मनी किंवा आखाती देशांत जाणाऱ्या अनुभवी चालकालाही बहुधा लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना ही या प्रक्रियेतील तात्पुरती सोय असून तो स्थानिक परवान्याची जागा घेत नाही.

== संज्ञा ==

या विषयात तीन प्रकारचे दस्तऐवज येतात आणि त्यांची अनेकदा गल्लत होते.

* मूळ परवाना : स्वदेशातील परवाना प्राधिकरणाने दिलेला, वाहन चालविण्याचा प्रत्यक्ष अधिकार देणारा दस्तऐवज. महाराष्ट्रात तो प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक परिवहन कार्यालय (बोलीभाषेत ‘आरटीओ’) देते.
* आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना : मूळ परवान्यातील माहितीचे ठरावीक नमुन्यातील बहुभाषिक रूप. तो मूळ परवान्यासोबतच ग्राह्य धरला जातो. मूळ परवाना जवळ नसेल किंवा त्याची मुदत संपली असेल, तर एकट्या आंतरराष्ट्रीय परवान्याला अर्थ उरत नाही. ज्या देशाने तो दिला त्या देशात तो चालत नाही.
* स्थानिक परवाना : ज्या देशात (संघराज्य असल्यास ज्या राज्यात किंवा प्रांतात) व्यक्ती राहते, तेथील प्राधिकरणाने दिलेला परवाना.

== इतिहास ==

मोटारगाड्या देशांच्या सीमा ओलांडू लागल्या, तेव्हा प्रत्येक देशात स्वतंत्र परीक्षा देण्याची अडचण पुढे आली. १९०९ च्या पॅरिस करारात मोटार वाहतुकीसाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राची कल्पना मांडली गेली आणि १९२६ च्या पॅरिस करारात तिला अधिक निश्चित रूप मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने १९ सप्टेंबर १९४९ रोजी जिनीव्हा येथे रस्ता वाहतूक करार झाला. त्यानंतर ८ नोव्हेंबर १९६८ रोजी व्हिएन्ना करार झाला. भारत १९४९ च्या कराराचा पक्ष असून भारतात दिला जाणारा आंतरराष्ट्रीय परवाना याच कराराला अनुसरून असतो.

या करारांचा हेतू प्रवास सुकर करणे हा होता. स्थलांतर हा त्यांचा विषय नव्हता. व्हिएन्ना करारात तर, ज्या व्यक्तीने परवाना मिळाल्यानंतर आपले नेहमीचे वास्तव्य दुसऱ्या देशात हलविले असेल, तिचा जुना परवाना मान्य करण्याचे बंधन त्या देशावर नाही, असे स्पष्ट केले आहे. रहिवासी झालेल्या व्यक्तीकडून नवी परीक्षा मागण्याचा अधिकार देशांना या तरतुदीमुळे मिळतो.

वाहन चालविण्याची परीक्षा घेण्याची प्रथाही सुरुवातीपासून नव्हती. ब्रिटनमध्ये १९०४ पासून परवाना आवश्यक झाला, परंतु सक्तीची चाचणी १९३५ मध्ये आली. शिकाऊ चालकाच्या गाडीवर लाल रंगातील ‘एल’ अक्षर लावण्याची पद्धतही त्याच वर्षीची आहे. ती आज भारतातही रूढ आहे. भारतात १९१४ आणि १९३९ च्या कायद्यांनंतर मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा सध्याचा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला.

== भारतातील कायदेशीर चौकट ==

=== शिकाऊ आणि पक्का परवाना ===

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ३ नुसार वैध परवान्याविना सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविता येत नाही. किमान वय सर्वसाधारणपणे १८ वर्षे आहे. ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाची मोटारसायकल चालविण्यासाठी ते १६ वर्षे, तर परिवहन संवर्गातील वाहनासाठी २० वर्षे आहे.

प्रथम शिकाऊ परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी वाहतूक चिन्हे आणि नियमांवरील वस्तुनिष्ठ चाचणीत किमान ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. २०२१ पासून महाराष्ट्रात आधार पडताळणीच्या आधारे ही चाचणी घरून ऑनलाइन देण्याची सोय आहे. शिकाऊ परवान्याची मुदत ६ महिने असते आणि तो मिळाल्यापासून ३० दिवस झाल्यावर पक्क्या परवान्यासाठी मोटार वाहन निरीक्षकासमोर प्रत्यक्ष चाचणी देता येते.

परवाना वाहनाच्या संवर्गानुसार दिला जातो. गिअरची मोटारसायकल आणि हलके मोटार वाहन हे त्यांतील सर्वांत सामान्य संवर्ग आहेत. परदेशी जाणाऱ्यांच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा ठरतो. ज्याच्या परवान्यावर केवळ दुचाकीची नोंद आहे, त्याला आंतरराष्ट्रीय परवानाही दुचाकीपुरताच मिळतो आणि त्यावर परदेशात मोटार चालविता येत नाही.

=== आंतरराष्ट्रीय परवाना ===

वैध भारतीय परवाना असलेल्या व्यक्तीला आपल्या रहिवासी क्षेत्रातील परिवहन कार्यालयाकडे नमुना ४अ मध्ये अर्ज करून आंतरराष्ट्रीय परवाना मिळविता येतो. अर्ज केंद्र शासनाच्या ‘सारथी’ संकेतस्थळावरून करता येतो. २०१६ मध्ये सुधारलेल्या दरांनुसार त्याचे शुल्क १,००० रुपये ठरविण्यात आले. त्याची मुदत दिल्यापासून १ वर्ष किंवा मूळ परवान्याची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तेवढी असते.

जानेवारी २०२१ मधील अधिसूचनेने अर्जासोबत वैद्यकीय प्रमाणपत्र आणि वैध व्हिसा जोडण्याची अट काढून टाकण्यात आली. काही देशांत व्हिसा विमानतळावर उतरल्यावरच मिळतो, त्यामुळे जुनी अट अडचणीची होती. परदेशात असताना आंतरराष्ट्रीय परवान्याची मुदत संपल्यास तेथील भारतीय दूतावासामार्फत अर्ज करण्याची तरतूदही याच अधिसूचनेने केली. ऑगस्ट २०२२ मध्ये देशभर एकसमान नमुना निश्चित करण्यात आला आणि मूळ परवान्याशी जोडणारा क्यूआर कोड त्यावर छापला जाऊ लागला. त्यापूर्वी राज्याराज्यांतील नमुन्यांत आकार, रंग आणि मांडणीचे फरक असल्याने परदेशात परवाना दाखविणाऱ्या नागरिकांना अडचणी येत होत्या.

आंतरराष्ट्रीय परवान्यावर वाहनांचे वर्ग ‘ए’ ते ‘ई’ या अक्षरांनी दर्शविले जातात. ‘ए’ मोटारसायकलींसाठी, ‘बी’ चालकाखेरीज आठपर्यंत आसने आणि ३,५०० किलोग्रॅमपर्यंत कमाल वजन असलेल्या मोटारींसाठी, ‘सी’ त्याहून जड मालवाहनांसाठी, ‘डी’ आठांहून अधिक प्रवासी आसनांच्या वाहनांसाठी, तर ‘ई’ जोडवाहनांसाठी असतो. चीनच्या मुख्य भूमीवर आंतरराष्ट्रीय परवाना मान्य नाही.

=== मुदत आणि नूतनीकरण ===

२०१९ च्या सुधारणेनंतर वयाच्या ३० वर्षांपूर्वी मिळालेला परिवहनेतर परवाना चालक ४० वर्षांचा होईपर्यंत वैध असतो. ३० ते ५० या वयोगटात मिळालेला परवाना १० वर्षे, ५० ते ५५ या वयोगटातील परवाना वयाच्या ६० व्या वर्षापर्यंत आणि त्यानंतरचा ५ वर्षे चालतो. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येते. मुदत संपून एक वर्षाहून अधिक काळ लोटल्यास पुन्हा वाहन चालविण्याची चाचणी द्यावी लागते. दीर्घकाळ परदेशी राहणाऱ्यांचे परवाने ते स्वदेशात नसतानाच संपतात. या दोन्ही तरतुदी त्यांना थेट लागू होतात.

== धाराशिव जिल्ह्यातील संदर्भ ==

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील रहिवाशांचे परवाने धाराशिव येथील उपप्रादेशिक परिवहन कार्यालयामार्फत दिले जातात. या कार्यालयाचा नोंदणी संकेतांक ‘एमएच २५’ आहे. तुळजापूर तालुक्यातील अर्जदाराचे आंतरराष्ट्रीय परवाना, संवर्गवाढ, नाव-पत्त्यातील बदल, नूतनीकरण आणि परवान्याचा उतारा हे व्यवहार याच कार्यालयाशी निगडित असतात. जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर राहणाऱ्यांसाठी तालुक्याच्या गावी शिबिर (कॅम्प) भरविण्याची पद्धत महाराष्ट्राच्या परिवहन विभागात आहे.

बालाघाट डोंगररांगेत वसलेल्या तुळजापूरहून सोलापूर आणि धाराशिवला जोडणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ जातो. लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धामार्गे बुटीबोरीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ तुळजापुरातच सुरू होतो. तालुक्यातील नळदुर्गवरून पुणे-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ६५ जातो. तुळजाभवानीच्या शारदीय नवरात्रोत्सवात आणि त्यानंतरच्या पौर्णिमेला सोलापूरकडून मोठ्या संख्येने भाविक पायी येतात. त्या काळात या मार्गावरील वाहतूक अन्य मार्गांनी वळविली जाते. घाटातील चढ-उतार, महामार्गावरील जड वाहने, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि रस्त्याच्या कडेने चालणारे यात्रेकरू यांच्यातून वाट काढण्याचा सराव या भागातील चालकाला आपोआप होतो.

परदेशातील परीक्षेत वेगळ्या गोष्टी तपासल्या जातात. त्यांत आखलेल्या मार्गिकेत राहणे, सिग्नलच्या चौकातील अग्रक्रम, वर्तुळाकार चौकात शिरण्याचा नियम, वेगवान महामार्गावर सामील होणे आणि प्रत्येक वळणापूर्वी आरशात पाहणे यांचा समावेश असतो. लहान शहरात वाहन शिकलेल्या चालकाला यांतील काही प्रसंग रोजच्या वाहतुकीत क्वचितच अनुभवास येतात. त्यामुळे परदेशातील अपयश हे बहुधा वाहनावरील ताब्याच्या उणिवेमुळे नसते. त्याचे कारण निरीक्षणाच्या आणि अग्रक्रमाच्या वेगळ्या सवयी हे असते.

== देशनिहाय पद्धती ==

=== ब्रिटन ===

ग्रेट ब्रिटनमध्ये रहिवासी झाल्यापासून १२ महिन्यांपर्यंत वैध भारतीय परवान्यावर मोटार किंवा मोटारसायकल चालविता येते. परवान्याची अदलाबदल करता येईल अशा ‘निर्देशित’ देशांच्या यादीत भारत नाही. म्हणून १२ महिन्यांनंतर वाहन चालविण्यासाठी तात्पुरता (प्रोव्हिजनल) परवाना घेऊन दोन्ही परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात. या मुदतीनंतर शिकाऊ चालकाचे सर्व नियम लागू होतात. गाडीवर ‘एल’ पाट्या लावाव्या लागतात आणि शेजारी किमान २१ वर्षे वयाची व किमान ३ वर्षे परवाना असलेली व्यक्ती बसावी लागते.

मोटारीच्या सैद्धान्तिक परीक्षेत ५० बहुपर्यायी प्रश्नांपैकी ४३ बरोबर यावे लागतात. दुसऱ्या भागात १४ चित्रफिती दाखवून संभाव्य धोका वेळेत ओळखता येतो का हे पाहिले जाते. त्यात ७५ पैकी ४४ गुण आवश्यक असतात. सैद्धान्तिक परीक्षेचे प्रमाणपत्र २ वर्षे चालते. प्रत्यक्ष परीक्षा सुमारे ४० मिनिटांची असून त्यात १५ पर्यंत किरकोळ चुका चालतात, परंतु एकही गंभीर किंवा धोकादायक चूक झाल्यास उमेदवार अनुत्तीर्ण होतो. स्वयंचलित गिअरच्या गाडीवर परीक्षा दिल्यास तेवढ्याच प्रकारच्या गाड्यांचा परवाना मिळतो. नव्या चालकाला पहिल्या २ वर्षांत ६ दंडगुण मिळाल्यास परवाना रद्द होतो.

=== अमेरिका ===

अमेरिकेत परवाना हा राज्यांचा विषय असल्याने मुदती आणि परीक्षा राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात रहिवासी झाल्यापासून १० दिवसांत, न्यू यॉर्कमध्ये ३० दिवसांत, न्यू जर्सीत ६० दिवसांत, तर टेक्सासमध्ये ९० दिवसांत स्थानिक परवाना घेणे अपेक्षित असते. कॅलिफोर्नियात प्रौढ उमेदवाराच्या लेखी परीक्षेत ३६ प्रश्नांपैकी ३० बरोबर यावे लागतात. त्यानंतर परीक्षकासोबत रस्त्यावर गाडी चालवून दाखवावी लागते.

विद्यार्थी, एच-१बी किंवा एच-४ अशा तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यांना मिळणाऱ्या परवान्याची मुदत बहुधा त्यांच्या अधिकृत वास्तव्याच्या मुदतीशी जोडलेली असते. व्हिसाची मुदतवाढ रेंगाळली की परवान्याचे नूतनीकरणही रेंगाळते. अमेरिकेत परवाना हा ओळखपत्र म्हणून सर्वत्र वापरला जातो. देशांतर्गत विमानप्रवासासाठी ७ मे २०२५ पासून ‘रिअल आयडी’ निकषांचा परवाना किंवा पारपत्रासारखे अन्य मान्य ओळखपत्र दाखविण्याचा नियम लागू झाला.

अनेक उपनगरांत सार्वजनिक वाहतूक अपुरी असते. तेथे किराणा, दवाखाना आणि मुलांची शाळा ही कामे मोटारीवाचून होत नाहीत. म्हणून जोडीदाराच्या व्हिसावर गेलेल्या व्यक्तीच्या, विशेषतः विवाहानंतर गेलेल्या स्त्रियांच्या, दैनंदिन स्वावलंबनाशी परवान्याचा थेट संबंध येतो. व्हिसाच्या अटींमुळे नोकरी करता येत नसलेल्या व्यक्तीलाही वाहन चालविण्याचा परवाना मिळू शकतो.

=== कॅनडा ===

कॅनडात परवाना प्रांत देतात. ऑन्टॅरिओत नव्या रहिवाशाला ६० दिवस, तर ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टा येथे ९० दिवस जुन्या परवान्यावर वाहन चालविता येते. ऑन्टॅरिओत टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत आहे. लेखी परीक्षेनंतर ‘जी-१’, पहिल्या रस्ता चाचणीनंतर ‘जी-२’ आणि दुसऱ्या चाचणीनंतर पूर्ण ‘जी’ परवाना मिळतो. नवशिक्याला यांतील प्रत्येक टप्प्यात सर्वसाधारणपणे १२ महिने काढावे लागतात.

भारतातील अनुभव सिद्ध करता आल्यास ही प्रतीक्षा कमी होते. दोन वर्षांहून अधिक अनुभवाचा दावा करण्यासाठी परवाना खरा असल्याचे मूळ प्राधिकरणाचे किंवा वाणिज्य दूतावासाचे पत्र मागितले जाते. असे पत्र मिळाल्यास लेखी परीक्षेनंतर थेट ‘जी’ चाचणी देता येते. अनुभव परवान्यावरील प्रथम दिनांकापासून मोजला जात असल्याने नूतनीकरण केलेल्या परवान्यावर मूळ दिनांक नसेल, तर अनेक वर्षांचा अनुभव हिशेबात धरला जात नाही.

=== जर्मनी आणि नेदरलँड्स ===

जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून ६ महिने परदेशी परवाना चालतो. भारतीय परवान्यासोबत त्याचे मान्य भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना ठेवावा लागतो. परीक्षेतून सूट मिळणाऱ्या देशांच्या यादीत भारत नसल्याने त्यानंतर सैद्धान्तिक व प्रत्यक्ष परीक्षा द्याव्या लागतात. तथापि, वैध परवाना असलेल्या व्यक्तीला नवशिक्याप्रमाणे ठरावीक तासांचे प्रशिक्षण सक्तीचे नसते. दृष्टितपासणी आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षणही नवशिक्यांच्या प्रक्रियेचा भाग आहे. सैद्धान्तिक परीक्षा जर्मनखेरीज इंग्रजीसह अन्य काही भाषांतून देता येते.

नेदरलँड्समध्ये परदेशी परवाना १८५ दिवस चालतो. परदेशातून आलेल्या कुशल कर्मचाऱ्यांसाठीच्या विशेष करसवलतीचा लाभ घेणारी व्यक्ती आणि तिचे कुटुंबीय यांना मात्र परवाना कोणत्याही देशाचा असला तरी परीक्षेविना बदलून मिळतो. भारतीय परवान्याला थेट अदलाबदलीची संधी मिळण्याचे हे एक ठळक उदाहरण आहे.

=== आखाती देश ===

संयुक्त अरब अमिरातीत निवास व्हिसा मिळाल्यानंतर भारतीय परवान्यावर वाहन चालविता येत नाही. मान्य प्रशिक्षण केंद्रात नोंदणी करून सैद्धान्तिक परीक्षा, वाहन उभे करण्याची (पार्किंग) चाचणी आणि रस्ता चाचणी द्यावी लागते. दुबईत स्वदेशातील परवान्याच्या जुनेपणानुसार सक्तीच्या प्रशिक्षणाचे तास कमी होतात. २०२३ पासून तेथे परवानाधारकांना प्रशिक्षणाविना परीक्षा देण्याची एक संधी देण्याची योजनाही सुरू झाली. त्या संधीत अनुत्तीर्ण झाल्यास नेहमीच्या मार्गाने शिकावे लागते. सौदी अरेबियात स्त्रियांना वाहन चालविण्याची परवानगी २४ जून २०१८ पासून मिळाली.

आखाती देशांत चालक म्हणूनच नोकरीसाठी जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्यासाठी परवाना ही उपजीविकेची अट असते. परीक्षेत उत्तीर्ण होईपर्यंत त्यांना चालकाचे काम करता येत नाही. म्हणून प्रशिक्षणाचा आणि परीक्षेचा खर्च मालक करणार की कर्मचारी, आणि परवाना मिळेपर्यंत वेतन मिळणार की नाही, ही करारातील कलमे निर्णायक ठरतात. दहावी उत्तीर्ण नसलेल्या भारतीयांना या देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी उत्प्रवास अधिनियम, १९८३ नुसार उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते. ही प्रक्रिया ‘ई-मायग्रेट’ प्रणालीतून होते.

=== सिंगापूर आणि जपान ===

सिंगापुरात भारतीय परवान्याचे रूपांतर करण्यासाठी नियमांवरील मूलभूत सैद्धान्तिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. मोटारीसाठी प्रत्यक्ष चाचणी सर्वसाधारणपणे लागत नाही. जपानमध्ये १९४९ च्या करारानुसार दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना आगमनापासून १ वर्षापर्यंत चालतो. रूपांतरासाठी ज्ञानचाचणी आणि प्रत्यक्ष चाचणी असते. ऑक्टोबर २०२५ पासून ज्ञानचाचणीतील प्रश्नांची संख्या १० वरून ५० करण्यात आली.

== वाहन चालविण्याच्या सवयींतील फरक ==

अनुभवी चालकाला परदेशात प्रामुख्याने पुढील बाबी नव्याने शिकाव्या लागतात.

* रस्त्याची बाजू : भारत, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर आणि जपान येथे वाहने डावीकडून चालतात. अमेरिका, कॅनडा, युरोपीय मुख्य भूमी आणि आखाती देशांत ती उजवीकडून चालतात. तेथे चालकाचे आसन डावीकडे असते. चूक होण्याची शक्यता रिकाम्या रस्त्यावर आणि वळण घेतल्यानंतर अधिक असते, कारण तेथे पाहून अनुकरण करण्यासाठी समोर दुसरे वाहन नसते.
* अग्रक्रम : ब्रिटनमध्ये वर्तुळाकार चौकात शिरताना उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे लागते. जर्मनीत चिन्ह नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा अग्रक्रम असतो. अमेरिकेत चारही बाजूंना ‘स्टॉप’ पाटी असलेल्या चौकात जो आधी थांबला तो आधी निघतो.
* पूर्ण थांबणे : ‘स्टॉप’ पाटीपाशी रस्ता मोकळा असला तरी चाके पूर्ण थांबवावी लागतात. वेग कमी करून पुढे सरकणे ही अमेरिकेतील परीक्षेत अनुत्तीर्ण ठरविणारी चूक आहे.
* शाळेची बस : अमेरिकेत शाळेची बस लाल दिवे लुकलुकवीत थांबली असता दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दोन्ही दिशांच्या वाहनांना थांबावे लागते.
* हॉर्न : भारतात हॉर्न हा आपण येत असल्याची सूचना म्हणून वाजविला जातो. बहुतेक पाश्चात्त्य देशांत तो केवळ धोक्याच्या प्रसंगी अपेक्षित असतो आणि एरवी उद्धटपणाचा मानला जातो.
* आरसे आणि मागे वळून पाहणे : मार्गिका बदलताना आरशात न दिसणारा भाग मान वळवून पाहणे परीक्षकाला दिसेल अशा रीतीने करावे लागते.
* पादचारी : झेब्रा क्रॉसिंगवर पाऊल ठेवलेल्या पादचाऱ्यासाठी वाहन थांबविणे बंधनकारक असते. भारतातही नियम पादचाऱ्याच्या बाजूचाच आहे, परंतु त्याच्या पालनात मोठा फरक आढळतो.

== निघण्यापूर्वीची कागदपत्रे ==

परदेशातील प्रक्रियेतील अनेक अडचणी मूळ परवान्यातील नोंदींमुळे उद्भवतात आणि त्यांची दुरुस्ती परदेशातून करणे कठीण असते.

पारपत्रावरील आणि परवान्यावरील नाव सारखे असणे आवश्यक असते. महाराष्ट्रात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तिहेरी नाव लिहिण्याची रीत आहे. विवाहानंतर एका दस्तऐवजावर माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे नाव राहते. अशा वेळी दोन्ही दस्तऐवज एकाच व्यक्तीचे असल्याचे परदेशी कार्यालयाला पटवून द्यावे लागते.

जुन्या पुस्तिकेच्या स्वरूपातील परवान्यांची नोंद संगणकीय प्रणालीत नसल्यास प्रथम ती करून घ्यावी लागते. या प्रक्रियेला ‘बॅकलॉग एन्ट्री’ म्हणतात. तिच्यावाचून ‘सारथी’ प्रणालीतील इतर सेवा मिळत नाहीत. परवान्याचा उतारा (एक्स्ट्रॅक्ट) हा परवाना प्रथम केव्हा, कोणत्या संवर्गासाठी दिला आणि कोठपर्यंत वैध आहे, हे दर्शविणारा अधिकृत दस्तऐवज असून अनुभव सिद्ध करण्यासाठी तो उपयोगी पडतो. ‘डिजिलॉकर’ किंवा ‘एमपरिवहन’ यांतील परवाना भारतात मूळ दस्तऐवजासमान मानला जातो. परदेशी कार्यालये मात्र सहसा मूळ कार्डच पाहतात.

== विमा आणि कायदेशीर परिणाम ==

परवान्याची मुदत चुकविण्याचा परिणाम केवळ दंडापुरता राहत नाही. वैध परवाना नसलेल्या चालकाच्या बाबतीत विमा कंपनी दायित्व नाकारू शकते. अपघातात दुसऱ्या व्यक्तीला इजा झाल्यास भरपाईचा भार वैयक्तिकरीत्या चालकावर येऊ शकतो. ब्रिटनमध्ये विम्याविना वाहन चालविल्यास ३०० पौंडांचा निश्चित दंड आणि ६ दंडगुण अशी शिक्षा होऊ शकते, शिवाय पोलीस वाहन जप्त करू शकतात. आंतरराष्ट्रीय परवान्याची मुदत शिल्लक असली तरी रहिवाशाला मिळणारी सवलत आधीच संपलेली असू शकते. उदाहरणार्थ, एक वर्षाचा आंतरराष्ट्रीय परवाना असलेली व्यक्ती जर्मनीत रहिवासी म्हणून सातव्या महिन्यात वाहन चालवीत असेल, तर ती वैध परवान्याविना वाहन चालवीत असल्याचे मानले जाते.

भारतातही परवान्याविना वाहन चालविणे हा कलम १८१ खाली ३ महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षांस पात्र असा गुन्हा आहे.

== भारतात परतल्यानंतर ==

परदेशी परवाना असलेल्या व्यक्तीला भारतीय परवाना घ्यावयाचा असल्यास मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ९ मध्ये सवलत आहे. अन्य देशाच्या सक्षम प्राधिकरणाने त्याच संवर्गाच्या वाहनासाठी दिलेला परवाना असल्यास वैद्यकीय पात्रतेच्या अटीवर प्रत्यक्ष चाचणीतून सूट मिळू शकते. परदेशातच वाहन शिकलेल्या पुढच्या पिढीतील व्यक्तींना ही तरतूद उपयोगी पडते. उजवीकडून वाहन चालविण्याची सवय लागलेल्या चालकाला भारतात परतल्यावर उलट दिशेने तेच रूपांतर पुन्हा करावे लागते, परंतु त्याची कोणतीही परीक्षा होत नाही.

== टीका आणि सुधारणा ==

भारतीय कायदा परदेशी परवान्याला चाचणीतून सूट देत असताना बहुसंख्य विकसित देश भारतीय परवान्याला तशी सूट देत नाहीत. या विषमतेचे एक कारण म्हणून भारतातील परवाना प्रक्रियेच्या विश्वासार्हतेकडे बोट दाखविले जाते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०१९ मध्ये लोकसभेत देशातील सुमारे ३० टक्के परवाने बनावट असल्याचे म्हटले होते. मध्यस्थांमार्फत, पुरेशा चाचणीविना परवाना मिळविण्याच्या प्रथेवरही टीका होत आली आहे. असा परवाना भारतात अडचणीचा ठरला नाही, तरी परदेशातील परीक्षकासमोर त्याचा उपयोग होत नाही, आणि ज्यांनी रीतसर शिकून परवाना घेतला त्यांनाही अविश्वासाचा भुर्दंड सोसावा लागतो.

सुधारणांचा भाग म्हणून संगणकीय देखरेखीखालील चाचणीमार्ग उभारण्यात येत आहेत. पुण्यात भोसरी येथील वाहनचालन प्रशिक्षण संस्थेच्या मार्गावर चारचाकीच्या चाचण्या घेतल्या जातात. १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रात हलक्या वाहनाचा २९ तासांचा अभ्यासक्रम कमाल चार आठवड्यांत पूर्ण करता येतो. तो यशस्वीरीत्या पूर्ण करणाऱ्यास परिवहन कार्यालयातील प्रत्यक्ष चाचणीतून सूट मिळते.

== हे सुद्धा पहा ==

* मोटार वाहन अधिनियम, १९८८
* जिनीव्हा रस्ता वाहतूक करार (१९४९)
* व्हिएन्ना रस्ता वाहतूक करार (१९६८)
* प्रादेशिक परिवहन कार्यालय
* तुळजापूर
* धाराशिव जिल्हा